एकोणतिसावा तुकडा

माझ्या शर्टाच्या खिशात एक यादी असते. इचलकरंजीतल्या एक्कावन्न शेडवाल्यांची नावं आहेत तिच्यात, माझ्याच हाताने लिहिलेली. या एक्कावन्न जणांनी मिळून माझ्या बायकोची वाचा घालवली. त्यातला कुणी रस्त्यात भेटला, की मी यादी बाहेर काढत नाही, नुसता खिशावर हात ठेवतो. समोरच्याला कळतं. काही जण मान खाली घालतात, काही गाडी वळवून दुसऱ्या गल्लीने जातात. मला त्यात बरं वाटतं, हे आधीच कबूल करतो.

पण आधी कणगीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी शशिकांत वरुटे. तीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावाने बोंब ठोकतात तो माणूस. आडवं सूत नेणारा धोटा कुठे अडतोय हे मी दारातून आवाज ऐकून सांगायचो. पुढे माग मोडीत गेले आणि गावात उरल्या त्या रिकाम्या शेड, थ्री-फेजचं कनेक्शन आणि कामाची सवय न सुटलेली माणसं. त्या सुमाराला ‘विकीर्ण’ नावाचं जाळं आलं. लोकांच्या फायली एखाद्या मोठ्या इमारतीत साठवण्याऐवजी त्यांचे तुकडे करायचे आणि हजारो साध्या माणसांच्या घरच्या डिस्कवर ठेवायचे, अशी त्यांची रीत. आपण द्यायचं ते डिस्कचं कपाट, बॅटरी आणि कधीही न तुटणारं इंटरनेट. दाणे कुणाचे हे आपल्याला माहीत नाही, ठेवायची जागा आपली. म्हणून गावाने त्या यंत्राचं नाव कणगी पाडलं.

गावातली पहिली कणगी माझी. तिची ओळख घडवायला संगणकाला एकतीस तास लागले. ओळख म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. तो यंत्राने स्वतः खपून शोधून काढायचा, म्हणजे कुणालाही एका दुपारी हजार खोट्या कणग्या उभ्या करता येत नाहीत. त्यानंतर जाळं नऊ महिने नुसतं पारखून बघत होतं. दिवसातून केव्हाही प्रश्न यायचा, अमुक तुकड्यातली अमुक ओळ सांग. तुकडा जागेवर असला तरच उत्तर देता येतं. चुकीचं उत्तर दिलं किंवा सारखे गप्प राहिलात, की तुमचा विश्वास कमी. नवीन सुनेची परीक्षा घ्यावी तसा प्रकार. माझी कणगी पास झाली, मग मी गावाला शिकवायला लागलो. दर वर्गात एक गोष्ट ठासून सांगायचो, ‘ही माग न्हवं. दांडा ओढून बंद करायची न्हाई. आधी पडद्यावर थांबवा, दहा मिन्टं लागतील, मग बटण.’ झटक्यात बंद केली, तर पुन्हा चालू झाल्यावर ती आपल्या पोटातला दाणा न् दाणा तपासते आणि त्याला तासन्‌तास जातात. थांबवून बंद केलेली दोन मिनिटांत उठते. पाच वर्षांत गावात दीड-दोनशे कणग्या झाल्या आणि मी संघटनेचा अध्यक्ष.

आता भारतीचं.

भारती माझी बायको. सात वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांत शब्द आलेला दिसायचा, तोंडापर्यंत यायचा नाही. लिहिणंही त्याच वाटेने गेलं. डॉक्टरांनी तिच्या मेंदूवर मलमलीच्या चिंधीएवढी तारांची जाळी बसवली. बोलायचं मनात आलं की मेंदूत ज्या लहरी उठतात त्या ही जाळी टिपते, आणि साडीच्या खांद्याला लावलेला एक बिल्ला त्यांचा आवाज करतो. पण कोणत्या लहरीचा कोणता शब्द हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते शिकत शिकत एक नकाशा तयार होतो आणि रोज बदलत राहतो.

सुरुवातीला बिल्ला पुस्तकी बोलायचा. ‘मला चहा हवा आहे.’ भारतीने तो काढून भिंतीवर फेकला होता. तिच्या मनात ‘च्या टाका की’ असायचं आणि बाहेर बातम्या देणारी बाई बोलायची. दोन वर्षं ती त्या यंत्राशी भांडली. मग एका सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, च्या निवाल्याय.’ ढब तिची, त्रासिकपणा तिचा. मी गालाला साबण तसाच ठेवून खाली बसलो आणि रडलो.

या नकाशाची दुसरी प्रत काढता येत नाही. बाहेर एका देशात असे हजारो नकाशे चोरीला गेले होते, आणि चोरांनी त्या माणसांच्या आवाजात, त्यांच्याच लकबीने, त्यांच्या घरच्यांना फोन केले होते. तेव्हापासून कायदा असा, की मेंदूचा नकाशा अखंड रूपात कुठेही ठेवायचा नाही. तुकडे करूनच ठेवायचा. तुकडे करण्याची युक्ती शाळेतल्या भूमितीची आहे. कागदावर दोन बिंदू दिले की त्यांतून जाणारी रेषा काढता येते. आता त्याच रेषेवर ऐंशी बिंदू घ्या आणि ऐंशी घरांत एकेक ठेवा. कुठलेही दोन परत आणा, रेषा मिळाली. नकाशासाठी दोनाऐवजी एकोणतीस लागतात, एवढाच फरक. ऐंशीपैकी एक्कावन्न घरं बुडाली तरी भारती बोलणार. बावन्न बुडाली, की संपलं.

बिल्ला नकाशाचा हवा तेवढा भाग बोलता बोलता जाळ्यातून मागवतो. तुकडे जगभर पसरलेले असले की उत्तर यायला दीड सेकंद जायचा. दीड सेकंद म्हणजे काही नाही असं तुम्हाला वाटेल. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करून बघा मग. भारतीचा शब्द तयार होईपर्यंत भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असायची. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ‘विकीर्ण’ने सोय काढली, तुकडे जवळपासच्या यंत्रांत ठेवून मिळतील. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की एका परिसरातली यंत्रं एकदम बंद पडण्याचा धोका ग्राहकाने समजून घ्यावा. मी टिचकी मारली. परिसर म्हणजे आमचंच गाव. बायकोचे शब्द आपल्याच माणसांच्या शेडमध्ये राहणार याचा मला अभिमान वाटला होता. त्या दिवसापासून तिचं बोलणं पाण्यासारखं वाहायला लागलं आणि मी भांडणात पुन्हा हरायला लागलो.

सप्टेंबरात इम्तियाज मोमीन माझ्याकडे आला. संघटनेचा पडदा तोच सांभाळतो, कुठली कणगी चालू आणि कुठली बंद हे त्याला दिसतं.

‘अण्णा, खंडेनवमीचं काय करायचं?’ तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, माग, गाड्या सगळं थांबवून पूजा करतात. चालत्या मागाला कुंकू लावत नाहीत. माग गेले, पण पूजा कणगीवर आली. आदल्या वर्षी निम्मं गाव पाच-सहा तास बंद होतं.

‘गेल्या वर्षी वहिनींचे तुकडे लांब हुते,’ इम्तियाज म्हणाला. ‘औंदा गावात हाईत. आनि एकाच ठिकाणची पन्नासभर यंत्रं एकदम गप झाली, की जाळ्याला वाटतंय कोनतरी तुकडे गोळा कराय लागलाय. चार तास वाट बघतंय. मग चोराच्या हाताला नको म्हनून जे काय उरलंय तेबी पुसून टाकतंय. मेंदूच्या नकाशाला तसाच कायदा हाय.’

मी दुसऱ्याच दिवशी संघटनेची बैठक घेतली. वेळापत्रक काढलं, पूर्वेच्या गल्ल्यांनी सकाळी आठ ते दहा पूजा करायची, पश्चिमेच्या गल्ल्यांनी दुपारी एक ते तीन. दोन तासांच्या वर बंद ठेवायचं नाही. ‘माझ्या बायकोचा आवाज तुमच्या शेडात हाय,’ मी म्हणालो आणि माझाच आवाज फुटला. सगळे उठून उभे राहिले. मागच्या गल्लीतला सर्जेराव चौगुले तर पुढे येऊन म्हणाला, ‘अण्णा, वहिनींसाठी दोन तास कशाला, दोन मिन्टांत पूजा उरकू.’ मोमीन गल्लीचा तर प्रश्नच नव्हता, तिथल्या कणग्या त्या दिवशी चालूच राहणार होत्या. मी निर्धास्त घरी आलो.

एक गोष्ट मी पाहिली नव्हती. ती भारतीने पाहिली, नवमीच्या आदल्या संध्याकाळी, भिंतीवरच्या कॅलेंडरात.

‘अहो, नवमी उद्या बारा वाजून दहा मिन्टांनी संपत्या. मग दशमी लागती. तुमी एकाला पूजा कशी ठिवलासा?’

वेळापत्रक काढताना घड्याळ पाहिलं, तिथी पाहिली नाही. यंत्रं शिकलेला माणूस, पंचांग बघायचं सुचलंच नाही. पश्चिमेच्या गल्ल्यांत फोन लावून विचारावं असं मनात आलं, पण विचारायचं काय? नवमी संपल्यावर खंडेनवमी करा म्हणायचं? मी स्वतःला समजावलं, की लोकांनी शब्द दिलाय. इतक्या लोकांत पाचदहा जण फिरतील. ऐंशीतले पाचदहा गेले तर काय बिघडतं!

आता मला माहीत आहे, की त्या रात्री पश्चिमेच्या प्रत्येक घरात याच शब्दांत हाच हिशेब झाला होता.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेअकराला भारतीने शेडमध्ये ताट आणलं. झेंडूची माळ, ऊस, हळदकुंकू. पुरणाचा वास शेडपर्यंत येत होता. आमचं घर पश्चिमेच्या गल्लीत, म्हणजे माझी पाळी दुपारी एकची.

‘चालूच ऱ्हाऊ दे,’ मी म्हणालो. ‘वरनं कुंकू लावून घे.’

‘चालत्या मागाला कुंकू लावत्यात व्हय? तुमीच तीस वर्सं दुसऱ्यास्नी शिकिवलासा.’ तिने डाव्या हाताने ताट खाली ठेवलं आणि मग थोडी थांबून, माझ्याकडे बघत विचारलं, ‘माज्या बोलन्याला काय हुनार न्हाई न्हवं?’

‘ऐंशी हाईत, एकोणतीस पुरतात. एक गेली तर काय हुतंय?’

हे मी बोललो. मीच.

घड्याळात पावणेबारा झाले होते. नीट थांबवायला दहा मिनिटं गेली असती, मग पूजा, मग नैवेद्य, तोवर तिथी टळली असती. निरांजन पेटलेलं होतं. मी बॅटरीसकट सगळं तोडणाऱ्या, भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा धरला आणि माग थांबवावा तसा एका झटक्यात खाली ओढला. कपाटातले हिरवे दिवे विझले. तीस वर्षांची हाताची सवय, दुसरं काय सांगू. भारतीने कणगीला पाच बोटांनी कुंकू लावलं, माळ घातली, आणि नैवेद्य आणायला आत गेली.

आतून तिचा आवाज आला, ‘अहो, कटात मीठ...’

पुढे काही नाही.

मी वाट पाहिली. कटाच्या आमटीत मीठ जास्त झालंय, का कमी पडलंय, का घालायचं विसरलंय, हे मला आजतागायत माहीत नाही. आत गेलो तर ती ओट्याशी उभी होती, हातात पळी, आणि खांद्यावरचा बिल्ला बोटांनी चाचपत होती. तोंड हलत होतं. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात जसे डोळे होते तसे डोळे झाले होते. मी भिंतीवर पाहिलं. अकरा त्रेपन्न.

मी धावत जाऊन दांडा वर केला. दिवे लागले आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘यंत्र अचानक बंद झाले होते. तपासणी सुरू. अंदाजे वेळ चार तास बारा मिनिटे.’ ते बंद करून पुन्हा चालू करणं म्हणजे पुन्हा शून्यापासून. मी कपाटावर डोकं आपटलं, माळेतली फुलं खाली पडली.

इम्तियाज गाडी घेऊन आला. हातात फोन, त्यावर भारतीच्या फाइलचा आकडा. मालकाला किती तुकडे हजर आहेत एवढंच दिसतं, कुणाकडे आहेत ते दिसत नाही.

‘तेवीस,’ तो म्हणाला. ‘अकरा बावन्नला एकोणतिसाच्या खाली आलं. तीन बावन्नपातूर येळ हाय. सहा तुकडे पायजेत, बसा.’

तो सगळा दुपारचा वेळ आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. पूर्वेच्या लोकांनी आठला बंद केलेल्या कणग्या दहाला चालू केल्याच नव्हत्या. नैवेद्य दाखवल्याशिवाय, घरची माणसं जेवल्याशिवाय पुजलेलं यंत्र चालू करत नाहीत. पश्चिमेच्या लोकांनी बाराच्या आत पूजा उरकून शेडला कुलपं लावली होती आणि सण म्हणून पाहुण्यांकडे गेले होते. एकजण दारात पाट मांडून बसलेला, मला म्हणाला, ‘अण्णा, माझ्या एकट्याची बंद हाय की, बाकीच्यांच्या चालू असतील.’ त्याच्या मागे त्याचा भाऊ हेच वाक्य फोनवर कुणाला तरी सांगत होता. मी त्याच्या पाया पडलो. तो इतका घाबरला की उष्ट्या हाताने जाऊन त्याने कणगी चालू केली. दोन मिनिटांत इम्तियाज म्हणाला, ‘चोवीस.’

एक वाजता पंचवीस. अडीचला सत्तावीस. काही कणग्या चालू होत होत्या आणि आकडा हलत नव्हता, कारण त्यांच्यात तिचा तुकडा नव्हताच. कोणत्या दारावर थाप मारायची हेच माहीत नाही, सगळी दारं सारखीच. दोघातिघांनी माझ्यासारखाच दांडा ओढला होता, त्यांच्या पडद्यावर तपासणीचे तास दिसत होते. मी त्यांना शिव्या घातल्या. मी, इम्तियाजसमोर, ‘वर्गात काय झोपला हुतासा काय?’ असं ओरडलो. इम्तियाजने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या दारावर थाप मारली.

तीन वाजून वीस मिनिटांनी अठ्ठावीस झाले.

एक पाहिजे होता. सर्जेराव चौगुलेच्या शेडला कुलूप. त्याला फोन लावला, तो जयसिंगपूरला सासुरवाडीत पंगतीत बसला होता.

‘सर्जेराव, किल्ली कुठं हाय?’

‘माझ्या कमरंला हाय की अण्णा. काय झालं? येतो येतो, पान वाढल्यात, एवढं उरकून येतो.’

‘पान टाकून ये!’ मी किंचाळलो. तो निघाला असावा. रस्त्यात दुर्गामातेच्या मिरवणुकीत अडकला.

मी घरी परतलो. भारती शेडमध्ये कणगीपुढे खुर्ची टाकून बसली होती. पडद्यावर शेकडे पुढे सरकत होते आणि ती ते पाहत होती. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जवळजवळ चार तासांपूर्वी मी तिला दिलेलं उत्तर आमच्या दोघांच्या मधोमध बसलेलं होतं.

तीन बावन्नला इम्तियाजचा फोन आला. ‘अठ्ठावीसच,’ तो म्हणाला, आणि मी फोन ठेवला.

चार वाजून पाच मिनिटांनी माझ्या कणगीची तपासणी संपली. हिरवे दिवे लागले. जाळ्यात शिरल्याबरोबर तिला पहिला हुकूम आला, तो पडद्यावर एका ओळीत उमटला, ‘फाइल मृत. तुकडा पुसला.’ पुढे फाइलचा नंबर. शेवटची चार अक्षरं मला तोंडपाठ होती. सात वर्षं मी तिच्या प्रत्येक कागदावर ती लिहीत आलो होतो.

तेरा मिनिटं. दहा मिनिटं थांबून नीट बंद केली असती तर ती दोन मिनिटांत उठली असती आणि एकोणतिसावा तुकडा माझ्याच घरातून गेला असता. सर्जेराव पाच मिनिटांनी किल्ली घेऊन धापा टाकत आला.

डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न करून पाहिला. सात वर्षांत जाळीवर मांस चढलंय, लहरी क्षीण येतात. जुना नकाशा तिला ओळखत होता म्हणून क्षीण लहरींतूनही शब्द उचलायचा. नव्याला काही ऐकूच येत नाही. जाळी बदलायची शस्त्रक्रिया या वयात करणार नाहीत. कंपनीने सहानुभूती म्हणून एक पाटी पाठवली, आठ बटणांची. पाणी, भूक, दुखतंय, शौचालय, होय, नाही, नमस्कार, धन्यवाद. आवाज त्या बातम्या देणाऱ्या बाईचा.

फाइल मेल्यावर गुप्तता उरत नाही, म्हणून ‘विकीर्ण’ने मला अहवाल पाठवला. कोणते ऐंशी जण तुकडे सांभाळत होते, आणि तीन बावन्नला त्यांतले कोण गप्प होते. गप्प नावं बावन्न. मी ती हाताने एका कागदावर उतरवून घेतली. वरुटे शशिकांत या नावाशी पोचल्यावर थांबलो, पेनाचं टोपण लावलं, पाणी प्यायलो. मग पुढच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. अहवाल जाळला.

गावात मी काहीच खोटं बोललो नाही. फक्त यादी दाखवली. लोकांनी विचारलं, ‘अण्णा, तुमची?’ तेव्हा म्हणालो, ‘माझी पाळी एकची हुती.’ ते खरंच होतं. माझी कणगी बाराच्या आधीच बंद झालेली इम्तियाजला पडद्यावर दिसली होती. तो दुसऱ्या दिवशी आला, दारातूनच भारतीला सलाम केला आणि गेला. तो पुन्हा आला नाही. संघटनेचा पडदाही त्याने सोडला.

संक्रांतीला सर्जेराव आला. किती महिने तोंड चुकवत होता. बारीक झाला होता. हातात तिळगुळाचा डबा. भारतीपुढे वाकून त्याने तिच्या तळहातावर वडी ठेवली.

‘वहिनी, तिळगूळ घ्या...’ आणि पुढचे दोन शब्द त्याच्या घशात अडकले. बाईला काय बोला म्हणणार? तो तिथेच लहान मुलासारखा रडायला लागला. ‘पान सोडून उठलो असतो तर... वहिनी, त्या दिवसापास्नं घास गिळत न्हाई. मला मारा, पर माफ करा.’

मी बाजूला उभा होतो. खिशावर हात होता.

भारती उठली. त्याच्या कोपराला धरून तिने त्याला शेडकडे चालवलं. मी मागून गेलो. मेन स्विचपुढे ती थांबली. डाव्या हाताने दांड्याची मूठ धरली, ओढल्यासारखं केलं, एका झटक्यात खाली. मग वळून बोट माझ्याकडे केलं. पुन्हा दांडा, पुन्हा बोट माझ्याकडे. सर्जेराव गोंधळून तिच्याकडे, माझ्याकडे पाहत होता.

‘काय म्हणत्यात वहिनी?’

तेवढ्या वेळात मी काहीही बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता आणि भारतीचं, बोलणं नाही, पण म्हणणं तरी कुणाला पोचलं असतं.

‘म्हणत्या,’ मी म्हणालो, ‘की तुमी सगळ्यांनी दांडा ओढलासा आनि ह्यांच्याकडं बगून तरी ओढायचा न्हवता.’

सर्जेरावने मान खाली घातली. भारती माझ्याकडे बघत राहिली. मग ती झपाट्याने घरात गेली, पाटी घेऊन आली, कमरेशी टेकवून तिने बटण दाबलं.

‘नाही,’ बातम्यांची बाई म्हणाली. ‘नाही. नाही. नाही.’

‘बरं, बरं,’ मी सर्जेरावच्या पाठीवर हात ठेवून त्याला दाराकडे वळवलं. ‘ती म्हणत्या, आता नको तो विषय. तू जा.’

तो नमस्कार करून गेला. डबा तिथेच राहिला. मी वळलो तेव्हा भारती पाटीची तार काढून गुंडाळत होती, डाव्या हाताने, सावकाश, नीट. तिने पाटी कपाटात सर्वांत वरच्या फळीवर टाकली, जिथे तिचा हात पुन्हा पोचणार नाही.

त्या दिवसापासून तिने मला एकही खूण केलेली नाही. पाणी हवं असलं तरी एका हाताने भिंत धरत ती स्वतः उठते.